जुना सहा फुटी लेथ घरच्या शेडमध्ये घ्यावा का?

कुपवाडकर

कोल्हापूरला उद्यमनगरात बंद होत असलेल्या एका वर्कशॉपमधला लेथ बघितलाय. हरिहरच्या मैसूर किर्लोस्करचा, एवढंच प्लेटवर वाचता येतं. मॉडेल आणि साल घासून गेलंय. गिअर्ड हेड, बेड सहा फुटी, सेंटर हाइट 200 मिमी, दोन सेंटरमध्ये साधारण मीटरभर जॉब बसतो. लीड स्क्रू (आटे काढताना टूल पुढे नेणारा) इंचाला 4 आट्यांचा. स्पिंडल नोज (चक बसतो ते टोक) आट्यांचा आहे, पिनांनी अडकणारा कॅमलॉक नाही. मोटर 5 एचपी थ्री फेज, प्लेटवर 415 व्होल्ट डेल्टा. सोबत जॉब धरायचे तीन जॉ आणि चार जॉ चक, टेलस्टॉक, चौकोनी टूल पोस्ट आणि डबाभर चेंज गिअर. स्टेडी (लांब जॉबला मधे आधार देणारी) दिसली नाही. वजन मालक दीड टन सांगतो. मागणी 1,40,000.

काम घरचंच: जुन्या मोटरसायकलींचे बुश, स्पेसर, एक्सल, कधीमधी आटे. बहुतेक जॉब 50 मिमी व्यासाच्या आतले आणि 100 मिमी लांबीच्या आतले. वर्षाकाठी एखादा पंपाचा शाफ्ट 600 ते 700 मिमीचा. जॉबवर्क करायचं नाही.

शेड 10 बाय 16 फूट, तळमजला, शहाबादी फरशी, खाली मुरूम आणि त्याखाली काळी माती. दार साडेतीन फुटी. मीटर सिंगल फेज. हायड्रा क्रेन गल्लीच्या तोंडापर्यंतच येते.

खटकलेल्या गोष्टी तीन. क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवं आतबाहेर नेणाऱ्या) हँडलला पाव फेरा प्ले आहे, तेवढं ते रिकामं फिरतं. चकजवळ बेडवर नखाला कड लागते. रिकामा चालवला तेव्हा हेडस्टॉकमधून (स्पिंडल फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीतून) टकटक येते, पण सगळ्या स्पीडला नाही. याच पैशांत, फार तर थोडे वर घालून, राजकोटचा नवा साडेचार फुटी हलका लेथ येतोय. काय करावं?


चकचावी

तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन किरकोळ आहेत. पाव फेरा प्ले ऐकून लोक पळ काढतात. तो स्क्रू इंचाला 5 आट्यांचा असेल तर पाव फेरा म्हणजे सव्वा मिमी. आकडा मोठा वाटतो, पण झिजतो तो नट, आणि नट गनमेटलचा. उद्यमनगरातच कोणीही टर्नर नवा करून देईल. स्क्रू मधल्या भागात बारीक झाला असेल तर नटाबरोबर तोही नवा करावा लागतो. ते तपासायला स्लाइड पार बाहेर ओढून प्ले मोजा, मग मधोमध आणून मोजा. दोन्हीकडे सारखाच असेल तर फक्त नट. टोकाला कमी आणि मध्ये जास्त असेल तर स्क्रूही गेलाय.

टकटक एखाद्याच लिव्हर पोझिशनला येते म्हणजे त्या जोडीतला दात तुटलाय किंवा त्यात काही अडकलंय. सगळ्या स्पीडला आली असती तर बेअरिंग किंवा पहिल्या शाफ्टचा संशय घेतला असता. मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा, हेडस्टॉकचं झाकण उघडा, चक हाताने फिरवत एकेका दातावर खडूची खूण करत बघा. तुटका दात मिळाला तर त्या गिअरचे दात मोजा आणि बाहेरचा व्यास घ्या. व्यास मिमीत घेऊन त्याला दात अधिक 2 ने भागलं की मॉड्युल (दाताच्या मापाचा आकडा) निघतो. उत्तर 2, 2.5, 3 असं स्वच्छ आलं नाही तर गिअर डीपीचा, म्हणजे इंची मापाचा आहे. मग दात अधिक 2 ला इंचातल्या व्यासाने भागा, 8, 10, 12 असा पूर्णांक येईल. ही माहिती हातात असली की नव्या गिअरचा भाव फोनवर मिळतो. वेल्डिंग भरून घासलेला दात दिसला तर तो गिअर बदलायचाच, असं धरून चाला.

झाकण उघडलंच आहे तर तळातल्या तेलात चुंबक फिरवा. करडी लापशी लागली तर काळजी नाही, इतक्या वर्षांत ती होणारच. सुईसारखे चमकते तुकडे आले तर गिअर किंवा बेअरिंग खातंय. तेल कापडावर गाळून बघा. पिवळी पापडी चुंबकाला लागत नाही, पण कापडावर दिसते. ती दिसली तर एखादा गनमेटल बुश चाललाय.

स्पिंडल मात्र नीट बघा. चक काढा, डायल गेज नोजच्या पुसलेल्या साध्या भागावर लावा, हाताने फिरवा. 0.01 मिमीच्या आत हवं. मग स्पिंडलच्या भोकात हातभर लांब लाकडी दांडका घालून वर उचला, गेज नोजच्या माथ्यावर. 0.02 पर्यंत हललं तर ठीक. 0.05 हललं तर आधी बेअरिंगचा नट आवळून परत मोजायचं, तरी कमी होत नसेल तर बेअरिंग बदलायची. शेवटी चक चढवून वरच्या स्पीडला अर्धा तास चालवा. बेअरिंगच्या झाकणावर हात ठेवून पाच आकडे मोजता आले पाहिजेत. मालक अर्धा तास चालवू देत नसेल तर कारण त्यालाच माहीत.

आणि ताजा रंग मारलेला असेल तर भाव कमी करा, वाढवू नका.


हाफनट

चकचावी यांनी बेड माझ्यासाठी सोडलाय असं दिसतं. नखाला कड लागली म्हणजे झीज आहेच. प्रश्न एवढाच की ती जॉबवर किती उतरते.

बेड झिजला की सॅडल, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग, खाली बसतं. सॅडल सरळ खाली बसलं तर जॉबवर काहीच फरक पडत नाही. 50 मिमीच्या जॉबवर टूल 0.1 मिमी खाली गेलं तर व्यासात अर्धा मायक्रॉनही फरक येत नाही. अडचण वेगळी आहे. बेडवरची पुढची व्ही घसरपट्टी, म्हणजे ऑपरेटरच्या बाजूची, मागच्यापेक्षा जास्त झिजते, कारण एप्रनचं (सॅडलच्या पुढच्या पेटीचं) वजन आणि कटिंगचा दाब तिच्यावर येतो. त्यामुळे सॅडल पुढे कलतं आणि टूल जॉबपासून लांब जातं. हिशेब करा: दोन व्हीमधलं अंतर 300 मिमी, सेंटर हाइट 200, पुढची बाजू 0.1 ने खाली. टूल 0.067 मिमी बाहेर येतं आणि व्यास 0.13 ने वाढतो. म्हणून घासलेल्या बेडवर जॉब चकाकडे जाड निघतो.

तपासायची सोपी पद्धत अशी. चकजवळ सॅडलचा लॉक बोल्ट इतपतच आवळा की हँडल जड फिरेल. मग सॅडल टेलस्टॉककडे न्या. जिथे ते अडकेल तिथून पुढे बेड न झिजलेला आहे. अडकलंच नाही तर बेड सगळीकडे सारखा आहे किंवा ग्राइंड केलेला आहे. ग्राइंड केलेला असेल तर सॅडलखाली टर्साइट (प्लास्टिकची घसरपट्टी) लावून उंची भरून काढली आहे का ते विचारा. भरली नसेल तर एप्रन खाली गेलेलं असतं आणि लीड स्क्रूला पकडणारा हाफ नट त्याच्यावर तिरका बसतो.

आकड्यात मोजायचं तर मीटरला 0.02 मिमीची लेव्हल क्रॉस स्लाइडवर आडवी ठेवा आणि सॅडल टेलस्टॉककडून चकाकडे आणत दर 100 मिमीला वाचन घ्या. गवंड्याची लेव्हल इथे उपयोगाची नाही. बुडबुडा एक भाग सरकला की टूल 0.004 मिमी सरकलं, म्हणजे व्यासात 0.008. पाच भाग सरकला तर 0.04. एवढा गुणाकार बोलणी करताना जवळ ठेवा.

लेव्हल मिळाली नाही तर तीन कॉलर काढा. 50 मिमीचा एमएस (माइल्ड स्टील) बार चकमधून 220 मिमी बाहेर, टेलस्टॉक न लावता. चकजवळ, मध्ये आणि टोकाला अशा तीन ठिकाणी 15 मिमी रुंदीच्या कॉलर सोडा, मधला भाग 2 मिमीने खाली घ्या. मग धार लावलेल्या हायस्पीड टूलने टूलची सेटिंग न हलवता तिन्हींवर 0.1 मिमीचा एकच कट. इथे कार्बाइड नको, बारीक कटला ते जॉब ढकलतं. मायक्रोमीटरने तिन्ही मोजा. फरक सरळ रेषेत वाढत असेल तर मशीन लेव्हलला नाही किंवा हेडस्टॉक फिरलाय, दोन्ही दुरुस्त होतात. फरक चकजवळच एकवटला असेल तर झीज. एक मेख लक्षात ठेवा: मोकळा बार टोकाला वाकतो आणि टोक जाड दाखवतो, म्हणजे झिजेच्या उलट. तेव्हा खरी झीज मोजली त्याहून थोडी जास्तच असते.


ओहमकर

वीज कोणी धरली नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे 3.7 किलोवॅटची (5 एचपी) मोटर 415 व्होल्टला डेल्टा जोडणीतच असते आणि तुमच्या प्लेटवरही तेच आहे. सिंगल फेजचा व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, 230 आत घेतो आणि बाहेर थ्री फेज 230 च देतो. 415 डेल्टाच्या मोटरला 230 दिले तर ती फिरते, पण टॉर्क सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि भार आला की तापते. दुकानदार चालेल म्हणतो, कारण त्याच्या टेबलावर ती रिकामी फिरलेली असते.

वाटा तीन. थ्री फेज जोडणी मिळत असेल तर सर्वात उत्तम, मशीनला हात लावायला नको. नाहीतर तीच मोटर 230 डेल्टाला भरून घ्या, वाइंडरला तसं स्पष्ट सांगा आणि सहाही टोकं बाहेर काढायला लावा. किंवा 3 एचपीची मोटर 230 डेल्टाची मागवा. 50 मिमीच्या जॉबला 3 एचपी पुरून उरते. 3 एचपीची फ्रेम (बॉडीचं माप) 100एल आणि 5 एचपीची 112एम फ्रेम, दोन्हींचा शाफ्ट 28 मिमी, त्यामुळे पुली तीच बसते. बेसची भोकं आणि सेंटरची उंची बदलते, 12 मिमीची प्लेट खाली घाला. जुनी मोटर इंची फ्रेमची निघाली तर मात्र पुलीला नवं बोअर.

3 एचपीचा व्हीएफडी सिंगल फेजवरून 20 अँपियरच्या वर ओढू शकतो. स्वतंत्र 6 चौरस मिमी वायर, स्वतंत्र एमसीबी, आणि आधी वीजबिलावर मंजूर भार किती लिहिलाय ते बघा. मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थिंग.

जुना फॉरवर्ड रिव्हर्स ड्रम स्विच व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये ठेवू नका. चालू भारावर तो उघडला की व्हीएफडीचं आउटपुट उडतं. तोच स्विच व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला जोडा, हात तोच राहील.

तुमचा नोज आट्यांचा आहे, म्हणून थांबण्याचा वेळ 6 ते 8 सेकंद ठेवा आणि डीसी ब्रेकिंग बंद. झटक्यात थांबवलं तर स्पिंडल थांबतो, चक थांबत नाही. तो आट्यांवरून उलगडत बेडवर येतो. 25 हर्ट्झच्या खाली फार वेळ चालवू नका. मोटरचा पंखा मंदावतो हे एक, आणि हेडस्टॉकमध्ये तेल गिअर उडवतात, ते मंद फिरले की वरच्या बेअरिंगपर्यंत तेल पोहोचत नाही. हळू हवं असेल तर लिव्हरने हळू करा, त्यासाठीच गिअरबॉक्स आहे.


पन्हाळ्याचा

शहाबादीवर लेथ ठेवायचा नाद करू नका राव. फरशी फुटंल ते सोडा, खालची काळी माती पावसाळ्यात फुगणार आणि उन्हाळ्यात भेगा देणार. वर मशीन पिळणार. मग इथं येऊन विचारणार, टेपर का येतोय.

फरशी 8 फूट बाय साडेतीन फूट कापून काढा. दीड फूट खाली जा, जेवढी काळी माती लागंल तेवढी बाहेर. मुरूम सहा सहा इंचाच्या थरात पाणी मारून धुमसानं ठोका, वर चार इंच सोलिंग, वर आठ इंच आरसीसी, 10 मिमीची सळी सहा इंचावर दोन्ही बाजूंनी. एम 20 काँक्रीटला साडेचार पोती सिमेंट जाईल. चारी बाजूंनी अर्धा इंच थर्माकोल घालून हा भाग बाकीच्या फरशीपासून सुटा ठेवा. दोन आठवडे पाणी, महिनाभर त्याच्यावर मशीन नाही. म्हणजे आधी काँक्रीट, मग मशीन. लोक उलटं करतात आणि मशीन महिनाभर अंगणात ताडपत्रीखाली गंजतं. शेडच्या पागोळ्यांचं पाणी त्या बाजूला मुरायला नको, पन्हळ लावून लांब सोडा.

जागा आखताना डाव्या बाजूला निदान दोन फूट सोडा, नाहीतर चेंज गिअरचं दार उघडत नाही आणि लांब बार स्पिंडलमधून घालता येत नाही. मागं दीड फूट.

आता आणायचं. छोटा हत्ती चालणार नाही, त्याची ताकद पाऊण टनाची. टाटा 407 घ्या. उचलायच्या आधी दोन्ही चक आणि मोटर काढून वेगळे पॅक करा, टेलस्टॉक बेडवर राहिला तर लॉक करा. लेथचं सगळं वजन हेडस्टॉककडं असतं, म्हणून सॅडल टेलस्टॉककडं ढकला आणि आवळा, तोल मधे येतो. पट्टा बेडच्या खालून, आतल्या रिबजवळून. लीड स्क्रू आणि फीड शाफ्टवरून पट्टा गेला की ते वाकले म्हणून समजा, वाकलेला लीड स्क्रू सरळ होत नाही, निदान पहिल्यासारखा नाही. पट्टा त्यांना टेकत असेल तर मधे लाकडाचा ठोकळा घाला. आधी चार बोटं उचलून तोल बघा, मग पुढं.

गल्लीच्या तोंडाशी उतरवताना खाली चार इंची चौकोनी लाकडाचे दोन स्लीपर, मशीनच्या फाउंडेशनच्या भोकातून बोल्ट मारून पक्के. लेथ वरनं जड आणि खालनं अरुंद, आडवा कलला की कोणाच्या बापाला आवरत नाही. स्लीपरखाली दीड इंची जीआय पाइपचे तुकडे, पाच तरी पाहिजेत, तीन खाली आणि दोन पुढं न्यायला. रस्ता ओबडधोबड असेल तर खाली 6 मिमीच्या प्लेटा अंथरा. पहार मागनं, ओढायला पुढं चेन पुली. उतार असेल तर मागनंपण एक दोर बांधून ठेवा. पाइप सरकवताना बोटं वरच्या बाजूनं धरायची, आत घालायची नाहीत. दार साडेतीन फुटी आहे तर क्रॉस स्लाइडचं हँडल आणि चिप ट्रे काढा, लांबीत सरळ आत जाईल.

बसवल्यावर बेडवर आडवी लेव्हल, एकदा हेडस्टॉकजवळ, एकदा टेलस्टॉकच्या टोकाला. दोन्हीकडं बुडबुडा एकाच रेघेवर पाहिजे. पूर्ण सपाट नसलं तरी चालतं, पीळ नको. काळ्या मातीत हे वर्षातनं दोनदा बघा, दिवाळीत एकदा आणि मेमध्ये एकदा.


मिलीमीटर

सगळे कसं आणायचं सांगतायत, पण घ्यायचा का? 100 मिमीच्या बुशसाठी दीड टन लोखंड आणि वर स्लॅब, मोटर, व्हीएफडी, हायड्रा. माझ्या मते हे जास्तच आहे. एचएमटीचा एलबी 17 सारखा लहान जुना लेथ मिळाला तर तो बघा, एनएच 22 च्या मोहात मात्र पडू नका, तो दोन टनांच्या घरात जातो.

राजकोटच्या नव्याबद्दल: नवा आहे म्हणून अचूक, असं नसतं. हलक्या मशीनचं कास्टिंग पुरेसा वेळ मुरवलेलं नसेल तर बेड वर्षभरात वाकतो. बेड हार्ड केलेला आहे का विचारा, फाइलचा कोपरा कडेला लावून बघा. वर हाफनट यांनी सांगितलेली तीन कॉलरची टेस्ट नव्यावरही घ्या, दुकानातच. टेलस्टॉक सेंटरची उंची हेडस्टॉकपेक्षा 0.01 ते 0.02 मिमी जास्त असलेली चांगली, कमी असेल तर ती वर्षागणिक आणखी कमी होणार.

तुमच्या जुन्याला आणखी दोन खर्च दिसतात. एक स्टेडी. 700 मिमीचा शाफ्ट 40 व्यासाचा असेल तर मधे आधाराशिवाय धडधडणार. दुसऱ्या मशीनची स्टेडी या बेडला बसणार नाही, प्लेटमधून बनवावी लागेल. दुसरा, डायल इंची असणार. मिमीत काम करायचं तर दोन अ‍ॅक्सिसचा डिजिटल रीडआउट लावा, तो प्लेचा त्रासही झाकतो.


कुपवाडकर

सगळ्यांनी सांगितलं ते करून बघितलं, आकडे देतो. नोज 0.01 मिमी. उचलून 0.02. अर्धा तास चालवलं, झाकण कोमट. तेलात करडी लापशी, पिवळं काही नाही. टकटक मधल्या शाफ्टवरच्या एका गिअरची, एक दात अर्धा गेलाय, 40 दातांचा, बाहेरचा व्यास 105 मिमी. क्रॉस स्क्रूचा प्ले टोकाला आणि मध्ये सारखाच.

लॉक करून सॅडल नेलं तर चकपासून साधारण 350 मिमीवर अडकतं. तीन कॉलर: चकजवळ 48.09, मध्ये 48.02, टोकाला 48.00. चेंज गिअर डब्यात अकरा आहेत, 30, 63, 80 आणि 100 आहेत, 127 नाही.

स्लॅबसाठी फरशी कापायला तयार आहे. वीज थ्री फेजचा अर्ज करणार. भाव काय धरावा?


हाफनट

पहिल्या 100 मिमीत 0.07 आणि पुढच्यात 0.02, म्हणजे पीळ थोडा आणि झीज बरीच. 40 मिमीच्या बुशवर फीडने कट घेतलात तर 0.025 च्या आसपास टेपर येईल. दाबून बसवायच्या (प्रेस फिट) बुशला तो नडतो. बेड ग्राइंडिंग आणि सॅडलला टर्साइट हे मशीनच्या किमतीच्या तोडीचं काम आहे, ते डोक्यातून काढा.

पण तुमच्या कामाला त्याची गरजही नाही. बुश सॅडलच्या फीडने काढायचेच नाहीत. सॅडल लॉक करा आणि कट कंपाउंड स्लाइडने (टूल पोस्टखालच्या छोट्या स्लाइडने) घ्या. कंपाउंड जॉबला समांतर लावायला चकमध्ये ग्राउंड बार धरा, डायल गेज टूल पोस्टवर, कंपाउंड पूर्ण चालीत पुढेमागे करून काटा हलणार नाही अशा जागी आवळा. अंशांच्या खुणांवर विश्वास ठेवू नका. बार स्वतः चकमध्ये थरथरत असेल तर तो अर्धा फिरवून परत वाचन घ्या आणि दोन्हींची सरासरी धरा. मग बेड कितीही झिजलेला असला तरी बुश सरळ निघतो, बाहेरून आणि बोअरमध्येही, कंपाउंडची चाल संपेपर्यंत. कंपाउंडची जिब पट्टी (ढिलाई घालवणारी) मात्र नीट बसवलेली हवी, हात लावून हलली तर वरचा सगळा खटाटोप वाया.

लांब शाफ्ट येईल तेव्हा टूल होल्डर डावीकडे बाहेर काढून लावा, म्हणजे सॅडल उजवीकडच्या चांगल्या बेडवर राहतं. चकजवळचे शेवटचे 100 मिमी जॉब उलटा धरून करा.

मेट्रिक आट्यांना लागणाऱ्या 127 दातांच्या गिअरचं अडू देऊ नका. लीड स्क्रूचा पिच 6.35 मिमी. दीड मिमीचे आटे हवेत तर 30 ड्रायव्हर 80 वर आणि 63 ड्रायव्हर 100 वर, गिअरबॉक्स एकास एकवर. पिच 1.5002 येतो. एवढी चूक घरच्या कोणत्याही नटात कळणार नाही. मेट्रिक आटे काढताना हाफ नट उघडायचा नाही. टूल मागे घ्या, मोटर उलटी फिरवून सॅडल परत आणा. आट्यांच्या नोजमुळे हे कमी स्पीडवर आणि पूर्ण थांबवूनच.


चकचावी

गिअर 105 भागिले 42 म्हणजे मॉड्युल 2.5. रुंदी आणि बोअर मोजून घ्या, की-वे किंवा स्प्लाइन आहे का तेही. स्प्लाइन असेल तर भाव वाढेल. नव्याला साधं एमएस वापरू देऊ नका, ईएन 8 पोलाद तरी हवं, दात हार्ड केलेले.

हेडस्टॉकचं तेल पूर्ण काढून, आत डिझेलने धुऊन, 68 ग्रेड भरा. बेडला वेगळं स्लाइडवे ऑइल. इंजिन ऑइल दोन्हीकडे नको. मुलांचा वावर असेल तर मेन स्विचला कुलूप लागणारा आयसोलेटर बसवा, आणि चकची चावी चकमध्ये सोडायची नाही हा नियम घरच्या सगळ्यांना.

भाव: नट, गिअर, स्टेडी, रीडआउट हे वजा करूनच बोला. बेडच्या आकड्यांवर मी 1,00,000 च्या वर गेलो नसतो. 95,000 पासून सुरुवात करा आणि तीन कॉलरचा बार सोबत न्या, मायक्रोमीटर मालकाच्याच हातात द्या.


पन्हाळ्याचा

विसार देताना कागदावर यादी लिहून सही घ्या: दोन्ही चक त्यांच्या बॅकप्लेटसकट, चकच्या चाव्या, अकरा चेंज गिअर दातांच्या आकड्यांसकट, टूल पोस्टचं हँडल, टेलस्टॉकचे सेंटर, लेव्हलिंगचे बोल्ट. बिलही करून घ्या, टेम्पो रस्त्यात अडवला तर दाखवायला लागतं. आणि मालकाला सांगा, मागच्या खोलीतली रद्दी एकदा बघू द्या. स्टेडी तिथंच कुठंतरी गंजत पडलेली असणार, त्याला आठवत नसंल एवढंच.